बर्फाची पाणीपाळी

आजचा विषय ऐकून कुणी हसेलही. बर्फावरच्या खेळाचा इतिहास! आपल्याकडं बर्फ म्हणजे जत्रेतला गोळा, नाहीतर मासळीवाल्याची पेटी. पण हा इतिहास वाचताना आम्हाला सारखी आठवण येत होती ती कालव्याच्या पाण्याची. वरच्या अंगाला ज्याचं रान, त्याला दिवसा पाणी. टेलच्या माणसाला रात्री दोनला, तेही उरलं तर. कॅनडात बायकांच्या वाट्याला बर्फ आला तो अगदी असाच. पाळी होती, पण टेलची. ती त्यांनी वर कशी ओढली, ते आज सांगतो. आणि शेवटी आपल्याच देशात, लडाखला जाऊ.

कॅनडा म्हणजे अमेरिकेच्या डोक्यावरचा देश. तिथं हिवाळा चार-पाच महिन्यांचा. तळी गोठतात, नद्या गोठतात. बुटाच्या तळाला लोखंडी पातं लावायचं आणि गोठलेल्या पाण्यावरून घसरत जायचं, याला स्केटिंग म्हणतात. हातात वाकडी काठी घेतली आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती मारायला लागलं, की झाली बर्फावरची हॉकी. एका वेळी एका बाजूनं सहा जण, त्यात एक गोलरक्षक. खेळ इतका वेगवान, की मिनिटाभरातच गडी दमतो आणि बाहेरचा आत येतो.

तळं सगळीकडं नसतं. मग गावं आपलं मैदान आपणच तयार करतात. त्याला रिंक म्हणतात. जमीन सपाट करायची, कडेनं फळ्या उभ्या करायच्या आणि रात्री थंडी वाढली की पाइपानं पाणी मारायचं. एकदम भरपूर नाही. पातळ थर द्यायचा, तो गोठू द्यायचा, मग दुसरा. घाई करून जास्त पाणी सोडलं तर वरून पापुद्रा धरतो आणि खाली पोकळ राहतं, पाय टाकला की फुटतं. आपण अंगण सारवताना जाड थर देत नाही, तसंच आहे हे. खेळून बर्फ खरबडला की पुन्हा वरून पाणी फिरवायचं. पुढं १९४९ साली अमेरिकेत फ्रँक झांबोनी नावाच्या माणसानं हे बर्फ सारवायचं यंत्र काढलं. आजही त्या यंत्राला लोक झांबोनीच म्हणतात.

असं रिंक कुणा एकाचं नसतं, गावाचं असतं. दुपारी लहान पोरं येतात. ज्यांना अजून उभं राहता येत नाही ती खुर्ची ढकलत चालायला शिकतात. शाळा सुटली की मोठी मुलं येतात. संध्याकाळी गाणी लावून नवरा-बायको, म्हातारे-कोतारे हात धरून गोल गोल फिरतात. साठीतल्या बाया पहिल्यांदा स्केट घालून शिकायला येतात. इथपर्यंत सगळं गोड आहे. भांडण सुरू होतं ते हॉकीसाठी रिंक कुणाला किती वेळ, या प्रश्नावर. कारण हॉकी चालू असली की दुसऱ्या कुणाला आत येता येत नाही. पुढं छप्पर असलेली, विजेवर बर्फ गोठवणारी मोठी रिंक झाली. तिथं तर प्रत्येक तासाला भाडं लागतं, वेळापत्रक लागतं. त्या तासांना तिकडं ‘आईस टाइम’ म्हणतात. आम्ही त्याला बर्फाची पाणीपाळी म्हणू.

आता थोडं मागं जाऊ. ओटावा या राजधानीत इंग्रज गव्हर्नर जनरलच्या बंगल्याच्या आवारात १८७२ च्या सुमारास लॉर्ड डफरिननं स्केटिंगचं रिंक करून घेतलं. नाव ओळखीचं वाटलं ना? सोलापूरचा डफरीन चौक, अमरावतीचं बायकांचं डफरीन रुग्णालय. हाच डफरिन पुढं १८८४ मध्ये भारताचा व्हाइसरॉय होऊन आला आणि त्याच्या बायकोनं १८८५ मध्ये इथल्या बायकांच्या औषधोपचारासाठी फंड काढला. त्या नावाचे दवाखाने त्यातले.

डफरिननंतर काही वर्षांनी त्याच बंगल्यात लॉर्ड स्टॅनली राहायला आला. त्यानं १८९२ मध्ये हॉकीसाठी चांदीचा चषक दिला. तो स्टॅनली कप आजही पुरुषांच्या हॉकीतला सगळ्यात मोठा मान आहे. पण त्याची मुलगी इझोबेल स्वतः हॉकी खेळायची, हे फार कमी जणांना माहीत असतं. १८९० च्या आसपासचा एक फोटो आहे. लांब पायघोळ झगे घातलेल्या बायका बर्फावर काठ्या घेऊन उभ्या आहेत आणि त्यात पांढऱ्या कपड्यांत इझोबेल आहे. बापाच्या नावाचा कप सगळ्या जगाला ठाऊक आणि पोरीचा फक्त एक फोटो. अर्थात ती लाटसाहेबाची पोर, तिच्या घरचंच रिंक. तिला वेळ कोण नाकारणार? साध्या घरच्या मुलींचं काय झालं, ते पाहू.

ओंटारिओ प्रांतात प्रेस्टन नावाचं छोटं गाव होतं. १९३०-३१ चा काळ, जगभर मंदी होती. तिथल्या मुलींचा उन्हाळ्यात बॅट-बॉलसारखा सॉफ्टबॉल खेळायचा संघ होता. हिवाळा आला, आता काय करायचं? हॉकी खेळू, असं एक जण म्हणाली आणि बाजूच्यांनी टिंगल केली, अशी गोष्ट सांगतात. मुली हट्टाला पेटल्या. त्यांच्या संघाचं नाव प्रेस्टन रिव्ह्युलेट्स. हिल्डा रॅन्सकोंब ही त्यांची सगळ्यात तेज खेळाडू, तिची बहीण नेली गोलरक्षक. दहा वर्षांत साडेतीनशेच्या आसपास सामने खेळल्या आणि त्यातले दोनच हरल्या, असं म्हणतात. नेमक्या आकड्यावर वाद आहे. पण देशाचं अजिंक्यपद त्यांनी वारंवार जिंकलं, यावर वाद नाही. युरोपचा दौरा ठरला होता. तेवढ्यात दुसरं महायुद्ध लागलं. दौरा रद्द झाला आणि १९४० च्या सुमारास संघच बंद पडला.

युद्ध संपलं. पण मुलींचे संघ पहिल्यासारखे उभे राहिले नाहीत. असं का व्हावं? याच काळात गावोगाव नवी रिंक बांधली जात होती. कित्येकांना युद्धात गेलेल्यांचं स्मारक म्हणून नाव दिलं गेलं. पैसे जमवायला बायका होत्या. केक-बिस्किटं भाजून विकणं, जेवणावळी घालणं, रिंकवरचं चहाचं कँटीन चालवणं, सगळं त्यांच्याकडं. १९५२ पासून दर शनिवारी रात्री टीव्हीवर पुरुषांची हॉकी दिसायला लागली. मुलांच्या स्पर्धा वाढल्या आणि वेळापत्रक त्यांनी भरून गेलं. मुलींना कुणी बंदीचा कागद दिला नव्हता. त्यांच्यासाठी तासच उरले नव्हते, एवढंच. आम्हाला विचाराल तर बंदीपेक्षा हे वाईट. बंदी असली तर निदान कशाविरुद्ध बोलायचं ते कळतं.

अशा काळात टोरांटो शहरातल्या एका आठ वर्षांच्या मुलीनं वेगळीच वाट काढली. तिचं नाव ॲबी हॉफमन. १९५५ मध्ये ती मुलांच्या हॉकीत नाव नोंदवायला गेली. केस बारीक कापलेले होते. फॉर्मवर ‘ॲबी’ऐवजी ‘ॲब’ लिहिलं, म्हणजे मुलाचं नाव झालं. सगळा हंगाम ती खेळली. घरूनच तयार होऊन जायची, म्हणजे कपडे बदलायच्या खोलीचा प्रश्न नको. खेळ इतका चांगला, की निवडक खेळाडूंच्या संघात तिची निवड झाली. आणि तिथंच घोळ झाला. त्या संघासाठी जन्माचा दाखला मागितला आणि त्यावर लिहिलं होतं, मुलगी. पेपरात बातमी आली, कौतुक झालं, पण मुलांच्या संघाचं दार पुढच्या वर्षी बंद झालं. ॲबी मग धावायला लागली. आठशे मीटरमध्ये चार ऑलिम्पिक खेळली. १९८१ मध्ये देशाच्या क्रीडा खात्याची प्रमुख झाली, ती जागा मिळवणारी पहिली बाई. १९८२ मध्ये बायकांच्या हॉकीची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, तेव्हा चषकाला तिचंच नाव दिलं.

तोवर बायकांनी आपली स्वतःची संघटनाही काढली होती. १९७५ मध्ये ओंटारिओ महिला हॉकी संघटना सुरू झाली. हे काम आपल्या गटासारखंच होतं. आधी चार-पाच ठिकाणचे संघ जोडायचे, मग नियम, मग स्पर्धा, आणि दर हिवाळ्यात रिंकच्या व्यवस्थापकाकडं तासांसाठी खेटे घालायचे.

१९८५ मध्ये मात्र या संघटनेलाच पेचात टाकणारं प्रकरण उभं राहिलं. जस्टिन ब्लेनी ही टोरांटोची बारा वर्षांची मुलगी. मुलांच्या संघाच्या चाचणीत ती निवडली गेली. संघाला ती हवी होती. वरच्या संघटनेनं सांगितलं, मुलगी चालणार नाही. ती मानवी हक्क आयोगाकडं गेली, तर कळलं की ओंटारिओच्या हक्क कायद्यातच एक पळवाट आहे. बाकी सगळीकडं बाई-पुरुष भेद करायचा नाही, पण खेळात केला तर चालेल! त्याच वर्षी, १७ एप्रिल १९८५ पासून, कॅनडाच्या घटनेतल्या हक्कांच्या सनदेचं समानतेचं कलम लागू झालं होतं. जस्टिननं त्या पळवाटीलाच कोर्टात आव्हान दिलं. खालच्या कोर्टात हरली. १९८६ मध्ये अपिलात जिंकली, पळवाट रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयानं पुढं प्रकरण ऐकायला नकार दिला, म्हणजे निकाल कायम राहिला. तरी प्रत्यक्ष त्या संघातून बर्फावर उतरायला १९८८ उजाडलं. मुलीचं बालपण असं कोर्टाच्या तारखांत गेलं.

आणि या प्रकरणात महिला हॉकी संघटना जस्टिनच्या विरोधात उभी होती! त्यांचं म्हणणं असं, की चांगल्या मुली मुलांच्या संघात गेल्या तर आम्ही एवढ्या कष्टानं उभे केलेले मुलींचे संघ मोडतील. आज एक मुलगी मुलांत जाईल, उद्या मुलगे म्हणतील आम्हाला मुलींच्या संघात घ्या. आमच्या बैठकीत यावर चांगलीच जुंपली. निम्म्या जणी म्हणाल्या, गट टिकला तरच सगळ्या टिकतात. निम्म्या म्हणाल्या, एकीची वाट अडवून सगळ्यांचं भलं कसं होईल? आमचं मत जस्टिनच्या बाजूनं पडलं. पण संघटनेतल्या बाया दुष्ट नव्हत्या. टेलला राहणाऱ्याला हातातलं थोडं पाणीही जाईल अशी भीती असते, ती आपल्याला परकी नाही. झालं असं, की निकालानंतर मुलींचे संघ मोडले तर नाहीतच, उलट पुढच्या वर्षांत भराभर वाढले.

त्या वाढीला १९९० चं निमित्त झालं. बायकांच्या हॉकीची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा ओटावात भरली. आठ देश आले. कॅनडाचा रंग लाल-पांढरा, पण आयोजकांनी आपल्या मुलींना गुलाबी जर्सी दिली, म्हणजे लोकांचं लक्ष जाईल. बऱ्याच जणींना ते आवडलं नाही. आम्हालाही नाही आवडलं. पुरुषांच्या संघाला कुणी असं सजवलं असतं का? पण स्टेडियम भरलं, हे खरं. अंतिम सामन्याला जवळपास नऊ हजार लोक आले आणि कॅनडानं अमेरिकेला ५-२ नं हरवलं. १९९८ मध्ये जपानच्या नागानोत बायकांची हॉकी पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आली. तिथं अमेरिकेनं बाजी मारली.

एवढं झाल्यावर वाटेल, प्रश्न सुटला. नाही सुटला. पदकं आली, पण वेळापत्रक जुनंच राहिलं. २००९ मध्ये टोरांटोतल्या लीसाइड भागातल्या मुलींच्या हॉकी संघटनेनं शहराकडं दाद मागितली. मुलींची संख्या वाढलेली, पण तास मिळेनात. का, तर चांगल्या वेळा पुरुषांच्या आणि मुलांच्या जुन्या संघांना वर्षानुवर्षं लावून दिलेल्या. ज्याला गेल्या वर्षी मिळाली त्याला यंदाही मिळणार, असा रिवाज. रिंक नगरपालिकेच्या मालकीची, पण तास वाटायचे स्थानिक समित्यांनी. शहराचं धोरण कागदावर समान वाटपाचं होतं आणि समित्या ते पाळत नव्हत्या. बोभाटा झाल्यावर शहरानं समित्यांना धोरण पाळायला लावलं.

हा कॅनडाचा सगळा इतिहास वाचून आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ही २००९ ची गोष्ट. त्यात शौर्य नाही, पदक नाही. एक वेळापत्रक आहे आणि ते कोण लिहितं हा प्रश्न आहे. तुमच्या गावातल्या शाळेचं मैदान, व्यायामशाळा, समाजमंदिर यांच्या वेळा कुठं लिहिल्यात का, आणि त्यात मुलींचा वार कोणता, हे ग्रामसभेत विचारून बघा. लिहिलेलंच नसेल तर तेही कळेल.

जाता जाता आणखी एक. १९६१ मध्ये स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या एका पुनर्वसन केंद्रात, पायानं चालता न येणाऱ्या लोकांनी बसून खेळायची हॉकी काढली. छोट्या घसरगाडीवर बसायचं, खाली पाती, दोन्ही हातांत आखूड काठ्या. एका टोकानं पुढं रेटायचं, दुसऱ्या टोकानं चकती मारायची. १९९४ पासून ती अपंगांच्या ऑलिम्पिकमध्ये आहे. आता कॅनडातल्या कित्येक गावच्या रिंकवर त्याचे तास असतात आणि धडधाकट भावंडंही गाडीवर बसून त्यांच्यात खेळतात.

आता लडाख. आपल्या देशात बर्फाचा जुना खेळ म्हणजे सिमल्याचा. तिथं १९२० पासून उघड्यावरचं स्केटिंगचं रिंक आहे. पण हॉकी रुजली ती लडाखमध्ये. लेह शहर साडेतीन हजार मीटर उंचावर आहे. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत जातो, शेती थांबते, पर्यटक नसतात. १९७० च्या दशकात लष्कराच्या जवानांनी तिथं बर्फावरची हॉकी खेळायला सुरुवात केली. गावची पोरं बघत उभी राहायची, मग तीही खेळायला लागली. स्केट कुठून आणणार? जुन्या बुटांच्या तळाला लोखंडी पातं बसवून घ्यायचं. लेहमधल्या कारझू तळ्यावर पिढ्या शिकल्या. नैसर्गिक बर्फ म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जेमतेम दोन महिने. एवढ्याच दिवसांत सगळ्यांनी खेळून घ्यायचं. मग मुलींना बर्फ कधी मिळणार, हे सांगायला नको.

तरी लडाखच्या मुली खेळत राहिल्या. भावांचे बूट, उसने हेल्मेट, मापात न बसणारे पॅड. २०१६ मध्ये भारताच्या बायकांचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, तैवानच्या तैपेई शहरात खेळला. जवळजवळ सगळ्या मुली लडाखच्या. प्रवासासाठी लोकांकडून वर्गणी गोळा केली होती. त्या वर्षी एकही सामना जिंकता आला नाही. ज्या मुली फक्त गोठलेल्या तळ्यावर शिकल्या, त्यांना विजेवर गोठवलेल्या मोठ्या रिंकचा सराव कुठून असणार? पुढच्याच वर्षी, २०१७ च्या मार्चमध्ये, बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला ४-३ नं हरवलं. भारताच्या बायकांचा हा पहिला विजय.

या बातम्या कॅनडापर्यंत गेल्या. जानेवारी २०१८ मध्ये हेली विकेनहायझर लेहला आली. चार वेळा ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेली, बायकांच्या हॉकीतली जगातली सगळ्यात मोठी खेळाडू. ती शॉनव्हन नावाच्या छोट्या गावची. बापानं परसात पाणी मारून केलेल्या रिंकवर शिकली, लहानपणी मुलांच्या संघातून खेळली. म्हणजे ॲबी आणि जस्टिन ज्या दारावर धडकल्या, त्यातूनच पुढं आत आलेली. लेहला येताना तिनं खेळाचं सामान आणलं, मुलींबरोबर उघड्यावरच्या बर्फावर उतरली. आज ती डॉक्टर आहे.

लडाखच्या खेळाडूंनी आपली संस्था काढली आणि गावोगावच्या लहान मुलींना शिकवायला सुरुवात केली. थंडीत, जिथं पाणी गोठेल तिथं. हल्ली मुलींच्या वेगळ्या स्पर्धाही होतात. ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा लेहला भरतात, तिथं महाराष्ट्राची मुलंमुलीही स्केटिंगला जातात. आपल्याकडं बर्फ नाही, तर ही पोरं वर्षभर चाकांच्या स्केटवर सराव करतात आणि तिथं गेल्यावर पाती घालतात.

जून २०२५ मध्ये बायकांचा आशिया चषक संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन शहरात झाला. बाहेर वाळवंटातलं जूनचं ऊन, आत विजेवर गोठवलेला बर्फ. भारताच्या संघात बहुतेक जणी लडाखच्या आणि काही हिमाचलच्या होत्या. त्यांनी कांस्यपदक जिंकलं. या स्पर्धेत भारताला मिळालेलं हे पहिलंच पदक. त्या महिन्यात लेहच्या कारझू तळ्यात नुसतं पाणी असतं.